दादा, तुझ्या जर्मनीबद्दल

दादा,

तुझ्या तेराव्याच्या सकाळी वैनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुसुमताई, वसंता भावजींले इथंच राहाले सांगू का? आता तेबी एकटे, मीबी एकटी. पण याईले पटलं नसतं."

तुझं उत्तर मला तोंडपाठ होतं. "घाई नको. आधी तयारी, मग जोडणी." हे तू आपल्या धाकट्या भावाबद्दल म्हणायचास आणि जर्मनीबद्दलही म्हणायचास. आता कोणाबद्दल चाललंय, हे कधीकधी मलाही कळायचं नाही.

मांडवात तुझे विद्यार्थी बसले होते. कोणाला टक्कल पडलेलं, कोणी नातवाला कडेवर घेऊन आलेला. अर्थशास्त्र त्यातल्या कोणाला आठवत असेल असं वाटलं नाही, पण तुझा जर्मनीचा तास सगळ्यांना आठवत होता. तू वर्गात दोन दोरे घेऊन जायचास. एक खळ लावून पाजलेला, कडक. दुसरा तसाच कोरा. दोघांची गाठ मारून दोन पोरांना दोन टोकं धरायला लावायचास आणि म्हणायचास, "ओढा." कोरा दोरा पटकन तुटायचा. मग तू फळ्याकडे वळायचास आणि सांगायचास की भिंत पडल्यावर दोन जर्मनी अशाच जोडल्या गेल्या. पूर्वेच्या लोकांचा पगार पश्चिमेच्या नोटांत, एकास एक. ऐकायला केवढं गोड! पण पूर्वेचे कारखाने जुने, माल तसाच, आणि खर्च मात्र एका फटक्यात पश्चिमेसारखा. जुनी गिऱ्हाइकं तुटली. पूर्वेच्या लोकांनाही आता पश्चिमेचाच साबण आणि पश्चिमेचीच गाडी हवी होती. कारखान्यांना कुलपं लागली, तरणी पोरं उठून पश्चिमेला गेली, आणि पश्चिमवाले वर्षानुवर्षं जादा कर भरत कुरकुरत राहिले. "प्रेमानं केलं," तू म्हणायचास, "पण पाजण न करता सांधलं."

एक टकला विद्यार्थी डोळे पुसत मला म्हणाला, "सरांनी आमाले जर्मनी अशी शिकवली जशी त्याईच्या घरची गोष्ट होती." बिचाऱ्याला काय सांगू?

वैनी तुझी थट्टा करायची ते आठवतं का? तू वेगळ्या विदर्भाच्या सभेला जाऊन घसा बसवून यायचास आणि जेवताना जर्मनीचं एकीकरण काढायचास. ती रस्सा वाढता वाढता म्हणायची, "अहो, आधी ठरवा बाप्पा, जोडाचं का तोडाचं?" तू म्हणायचास, "दोन्हीचा हिशेब आधी करायचा असतो." आणि पाटोडीच्या रश्श्यानं नाक गळत असताना गंभीर चेहरा करायचास. मला आत्ता लिहितानाही हसू येतंय. आणि लगेच दुसरं काही येतंय, ते राहू दे.

आपला वाद मात्र थट्टेचा नव्हता. मी बँकेतली बाई, पुस्तकं तुझ्याइतकी वाचली नाहीत, पण काउंटरपलीकडची माणसं रोज पाहिली. मी म्हणायचे, दादा, पूर्वेच्या लोकांना थांबा म्हणणारा तू कोण? नोटा तिकडे गेल्या नसत्या तर माणसंच नोटांकडे चालत आली असती. भिंत पडल्यावर कोणाला सांगशील की आणखी दहा वर्षं गरीब राहा, मग आम्ही तुम्हाला नीट जोडतो? तू चिडायचास. "भावनेनं देश चालत नाही, कुसमे." मी म्हणायचे, "भावनेशिवाय तरी कुठं चालतो?" मग तू कोरियावर जायचास. कोरिया एक होईल तेव्हा त्यांनी आधी नागपूरला येऊन तुझा सल्ला घ्यावा, असं तुझं ठाम मत होतं.

पण आपण दोघेही जर्मनीबद्दल बोलत नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भिंत पडल्याच्या बातम्या आपण याच घरात पाहिल्या. लोक भिंतीवर चढलेले, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. बाबांनी हयातीतच वाटणी करून ठेवली होती: नागपूरचं घर आणि मागच्या शेडमधले पॉवरलूम तुला, उमरेडचं घर आणि हातमाग वसंताला. पुढे भांडण नको म्हणून केलेली वाटणी, आणि भांडण तरीही झालंच. बाबांच्या वर्षश्राद्धाला कोणाचा मान राहिला नाही, कोण आधी उठून गेलं, असलंच काहीतरी. तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नव्हता. त्या संध्याकाळी टीव्हीसमोर तू उठून उभा राहिलास. तुझे डोळे भरले होते. "ते लोकं करू शकतात, तं आपण काहून नाही?" म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं उमरेडला गेलास. परत आलास तो वसंताला आणि त्याच्या बायकोला घेऊनच. ट्रंका, पाटा-वरवंटा, सगळं. आयुष्यात इतका देखणा तू मला कधी दिसला नव्हतास.

"आजपासून सगळं एक," तू जाहीर केलंस. दोन्हीकडचा धंदा एक, गल्ला एक, चूल एक. आणि मग तू ते केलंस जे तुझ्यासारखा भला माणूसच करू शकतो. उमरेडच्या विणकरांना तोवर लुगड्यामागे मजुरी मिळायची. तू म्हणालास, एका घरची माणसं, मग मजुरी दोन प्रकारची कशी? हातमागावर बसणाऱ्यालाही पॉवरलूमवाल्याचाच रोज. उमरेडची माणसं हार घेऊन आली होती, पेढे घेऊन आली होती. एका म्हाताऱ्या विणकरानं तुझे पाय धरले आणि तू लाजून मागे सरकलास.

पॉवरलूमवर दिवसाला जेवढं कापड निघतं तेवढं हातमागावर आठवड्यात निघत नाही, हे आपल्या घरात शेंबड्या पोराला कळत होतं. तुला कळत नव्हतं असं नाही. तुला ते त्या दिवसांत आठवायचंच नव्हतं. इतवारीतल्या आपल्या जुन्या व्यापाऱ्यानं उमरेडचं लुगडं हातात घेतलं, भाव ऐकला, आणि घडी मोडूनही पाहिली नाही. "प्रोफेसर साहब, ये साडी है या सोना?" भाव उतरवावा तर विणकरांचा रोज निघत नव्हता. रोज उतरवावा तर ज्यांनी हार घातला त्यांच्यासमोर जायचं कसं? लुगडी माळ्यावर रचली गेली. मग उमरेडचे माग एकेक करून थांबले. विणकर पांगले. कोणी ऑटो चालवायला लागला, कोणी कोळशाच्या खाणीवर गेला, एकाचा मुलगा पुढे मौद्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर लागला. वसंताला तू शेडवर देखरेखीला ठेवलंस. हातमागाच्या धोट्याच्या तालावर वाढलेला माणूस तो. कानांत कापसाचे बोळे घालून त्या खडखडाटात उभा राहायचा आणि यंत्र बिघडलं की घाबरून तुला कॉलेजात फोन करायचा.

पण संध्याकाळी तुम्ही दोघं एका परातीत जेवायचा. भाकरी कुस्करायची, त्यावर रस्सा ओतायचा, आणि लहानपणासारखं आपापल्या बाजूनं खात मध्यापर्यंत यायचं. वैनी म्हणायची, "लहान पोरं झाले दोघंबी." मी माहेरी आले की मलाही तुम्ही त्या परातीत जागा करून द्यायचा. ते दिवस तुझ्या लेक्चरमध्ये कधी आले नाहीत. मी दोन-तीनदा मागच्या बाकावर बसून ऐकलंय, म्हणून सांगते.

मग तू एकदा माझ्या बँकेच्या जरीपटका भागातल्या शाखेत आलास. दुपारची वेळ, बाहेर बाजाराची गर्दी, आणि तू घामानं भिजून माझ्या टेबलासमोर बसलास. हातात वर्तमानपत्राची घडी. पूर्व जर्मनीतल्या बंद पडलेल्या कारखान्यांवर लेख होता. चहा आला, तू घेतला नाहीस. "कुसमे," तू म्हणालास, "मी वसंताले बुडवलं वं. त्याचं होतं नव्हतं ते सगळं मी माया करून बुडवलं." मी म्हणाले, "मग त्याला हे सांग." तू मान हलवलीस. "सांगून काय होते? आता दुरुस्तच करतो."

तुझी दुरुस्ती म्हणजे तू त्याला उमरेडला परत पाठवलंस. चार माग पुन्हा उभे करून दिलेस, सूत भरून दिलंस, पाठीवर हात ठेवून म्हणालास, "तुझ्या पायावर नीट उभा राह्य, मंग पुन्हा एक होऊ. या वेळेस हळूहळू." ट्रंका जशा आल्या तशा गेल्या. मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही, आणि तू त्या महिन्यात जर्मनीवरची तीन जाड पुस्तकं वाचलीस.

हळूहळू म्हणता म्हणता आयुष्य गेलं, दादा. पुढे तुझे पॉवरलूमही बंद पडले, शेडमध्ये शेजाऱ्यांच्या स्कूटरी उभ्या राहायला लागल्या. वसंताची बायको गेली, मुलगी लग्न होऊन गेली, मागांपैकी एक उरला. दिवाळीला तू चिवड्याची पिशवी घेऊन उमरेडला जायचास, खुर्चीवर पाहुण्यासारखा बसायचास, सुताचे भाव विचारायचास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचास. एक रात्र तिथं राहिला नाहीस. आणि इकडे दरवर्षी नव्या पोरांसमोर दोरे तोडत राहिलास. मला ते बघवत नसे. ज्याची माफी मागायची तो तासाभराच्या अंतरावर माग चालवत होता, आणि तू ती वर्गभर अनोळखी पोरांकडे मागत होतास.

तुझ्या त्या दोऱ्यांवरही माझ्याकडे उत्तर होतं, ते द्यायचं राहून गेलं. आपण दोघंही मागासाठी सुताच्या कांड्या भरत लहानाचे मोठे झालो. मागावर दोरा तुटत नाही असा एक दिवस तरी तू पाहिलास का? बाबा दिवसभर काय करायचे? तुटला की थांबायचे, वाकायचे, दोन टोकं शोधायचे, चिमटीत धरून सांधायचे आणि पुढे विणायचे. तुटला म्हणून ताणा गुंडाळून ठेवलेला मी कधी पाहिला नाही. तू वर्गात दोरा तोडून तास संपवायचास. मला नेहमी वाटायचं की तास तिथून पुढे सुरू व्हायला हवा.

असो. तू समोर असतास तर म्हणाला असतास, "उदाहरणाले ताणू नको." "आन तेही माह्या उदाहरणाले," असंही म्हणाला असतास.

काल दुपारची गोष्ट सांगते. तुझा अमोल पुण्याला परत गेला होता. जाताना आईला "माझ्याकडे चल" म्हणाला, ती "बघू" म्हणाली, म्हणजे नाही. वसंता दारात बसला होता. धुतलेलं धोतर, पायाशी बॅग, उमरेडच्या गाडीला अजून वेळ. वैनी आत उगाच भांडी घासत होती. तिनं मला विचारून ठेवलेला प्रश्न तिच्या पाठीवर दिसत होता. मी वसंताशेजारी जाऊन बसले. मनात म्हटलं, दादाला काय पटलं असतं ते दादापाशी. मला जे माहीत आहे ते या माणसाला माहीत व्हायलाच पाहिजे.

मी विचारलं, "वसंता, दादानं तुले वापस काहून धाडलं होतं, मालूम हाये का?"

तो लगेच म्हणाला, इतक्या लगेच की उत्तर कित्येक वर्षं तोंडाशी असावं. "मालूम हाये नं. मले मशीन जमत नोती. मी त्याच्या कामाचा नोतो."

दादा, हे तो इतकी वर्षं धरून बसला होता. तुला वाटायचं तो तुझ्यावर रागावलाय. तो रागावला नव्हता. त्याला वाटत होतं की भावानं त्याला पारखलं आणि नापास केलं.

मी त्याला सगळं सांगितलं. जरीपटक्याचा न घेतलेला चहा. "मी वसंताले बुडवलं" हे तुझं वाक्य. जर्मनीचा तास. ते दोन दोरे. दोऱ्यांचं ऐकून आधी तो हसला. "दादा पोराईले दोरे तोडून दाखवे? मास्तर लोकं काय काय करतेत!" मग हसता हसता त्याचा चेहरा मोडला. त्यानं उपरण्यात तोंड घातलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची पाठ अगदी बाबांसारखी वाकली आहे.

मग तो बोलला. मी त्याच्याच शब्दांत सांगते, कारण हे तुझ्यासाठी होतं.

"धंदा तं जाणारच होता वं, ताई. आज नाही तं उद्या. माह्या संगतीचे ज्याईनं दादाचं तोंडबी पाहिलं नाही, त्याईचेबी माग गेले. त्याचं मले वाईट वाटे, नाही वाटे असं नाही. लुगडी माळ्यावर पाहून जीव जाये. पण संध्याकाळी आमी एका परातीत जेवत होतो. मी मनात म्हणो, गेला तं गेला धंदा, भाऊ तं भेटला. आन एक दिवस त्यानं माही ट्रंक भरून ठेवली. त्यानं मले एक डाव विचाराले पायजे होतं. वसंता, घाटा झाला, आता काय करू? मी सांगितलं असतं नं. मी म्हटलं असतं, राहू दे, दादा. घाट्यातच राहू, पण राहू."

मी ऐकत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. तुझ्या पुस्तकांत सगळं होतं: किती कारखाने, किती बेकार, कोणाचा कर, कोणाची कुरकुर. मी काही तुझं खोटं म्हणत नाही. पूर्वेच्या माणसांचं खूप गेलं, आणि अजून पुरतं भरून आलेलं नाही, हे तूच मला शिकवलंस. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण तक्रार करणाऱ्यांपैकी किती जण म्हणाले की भिंत परत बांधा? त्यांना मजुरी हवी होती, मान हवा होता, विचारलं जायला हवं होतं. तू एकट्यानंच हिशेब केलास आणि एकट्यानंच भिंत परत बांधलीस. जोडताना चुकलास ते मायेपोटी, आणि तोडताना चुकलास तेही मायेपोटीच. तुझ्यावर धड रागावताही येत नाही, हीच मोठी पंचाईत आहे.

तरी एक गोष्ट कबूल करते. उद्या कोणी दुरावलेली दोन घरं एक करायला निघालं, तर मी त्यांना तुझा तास ऐका म्हणेन. एकदम सगळं सारखं करून टाकू नका, दुबळ्या बाजूचा धंदा आधी सांभाळा, असं सांगेन. तुझं अर्थशास्त्र बरोबर होतं, दादा. फक्त तू ते भावावर चालवलंस.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. वैनी पदराला हात पुसत दारात आली. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण तिचे डोळे लाल होते. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सरळ वसंताला म्हणाली, "भावजी, इथंच राहता का? मागची खोली रिकामीच हाये. अमोललेबी सांगितलं मी, तो हाव म्हणाला."

वसंता बॅगेकडे बघत म्हणाला, "अन् माग?"

"माग हळूहळू आणू," मी म्हणाले. "आधी माणूस. मग शेडमधल्या स्कूटरी काढायला सांगू, जागा करू, मग माग." तेवढं मी तुझं ऐकलं. माणूस एकदम आणि माग हळूहळू. आपल्या वादाचा निकाल मी परस्पर असा लावून टाकलाय. पटत नसेल तर येऊन भांड.

वैनी म्हणाली, "मंग राहता नं? का पुन्हा जाणंच हाये?"

वसंतानं वर पाहिलं. भिंतीवर तुझा फोटो आहे, कॉलेजातल्या निरोपाच्या दिवशीचा, हाराच्या आत चष्मा नाकावर घसरलेला. त्याकडे बघतच तो म्हणाला,

"राहतो, वैनी. आता मले वापस धाडाले दादा कुठं हाये?"